गळ्यातला कॅमेरा आणि मानेचे दुखणे

मुंबईच्या गेटवेहून सुटलेली लाँच मांडव्याच्या धक्क्याला लागली की उतरणाऱ्यांची एकच घाई उडते. लाँच लाटेबरोबर वर-खाली होत असते, धक्का जागचा हलत नाही, आणि मधल्या फटीवरून पाऊल टाकायचे असते. खलाशी हात पुढे करतो. ज्याचे दोन्ही हात मोकळे तो सहज उतरतो. कडेवरचे पोर सावरत बाईमाणूसही उतरते. अडचण होते ती गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या माणसाची. पाऊल टाकण्यासाठी तो वाकला की कॅमेरा पोटापासून सुटून पुढे झुलतो, कठड्यावर आपटतो आणि परत येऊन छातीवर बसतो. मग कठडा धरायचा हात कॅमेरा धरायला जातो. अशा वेळी हात कठड्यालाच हवा, हे सांगायला कोणी तज्ज्ञ नको.

मांडवा म्हटले की आमच्या पिढीला १९९० सालचा 'अग्निपथ' आठवतो. विजय दीनानाथ चौहानचे ते गाव पडद्यावरचे. खरे मांडवा रायगड जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यात, मुंबईच्या समोरच्या किनाऱ्यावर आहे. लाँचने तासाभरात पोचता येते आणि बऱ्याच लाँचच्या तिकिटातच पुढच्या अलिबागपर्यंतच्या बसचे भाडे धरलेले असते. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसुद्धा घेऊन जाणारी मोठी रो-रो बोट सुरू झाली, ती हवामानाने साथ दिली तर पावसातही चालते. सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येते, म्हणून आमच्या वस्तीतली कुटुंबे या बाजूला सहलीला जातात. सहल म्हटली की फोटो आलेच.

आता कोणी म्हणेल, मोबाइलच्या जमान्यात कॅमेरा गळ्यात घालतो कोण? प्रश्न रास्त आहे. हौसेचा कॅमेरा मोबाइलने खाल्ला. पण म्हणूनच आज ज्याच्या गळ्यात कॅमेरा दिसतो, त्याच्या पोटाचा प्रश्न बहुधा त्या कॅमेऱ्याला बांधलेला असतो. गेटवेच्या फरशीवर उभे असलेले छायाचित्रकार पाहा. गळ्यात कॅमेरा, हातात नमुन्याच्या फोटोंचा गठ्ठा, पिशवीत छोटा प्रिंटर. गिऱ्हाईक मिळो न मिळो, ओझे दिवसभर अंगावरच. आमच्या वस्त्यांतूनही किती तरी तरुण या धंद्यात उतरले आहेत. मंगल परिणय, नामकरण, साखरपुडा, शाळेचे संमेलन, जयंतीची मिरवणूक, सगळीकडे हीच मुले. हप्त्याने कॅमेरा घेतात, मे महिन्यात एकेका दिवशी दोन-दोन कार्ये करतात, आणि तिशी उलटायच्या आत मान धरून बसतात. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे जगणे कॅमेऱ्यातून जगापुढे ठेवले, २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या वाटेने जावे असे वाटणारी मुले आपल्याकडे आहेत. त्या मुलांनी कॅमेरा कोणता घ्यावा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. तो अंगावर कसा घ्यावा हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. दुकानदार खोक्यातला पट्टा काढून हातात देतो आणि आपण तो गळ्यात घालून मोकळे होतो.

आम्ही पडलो कारकुनी पेशाचे, तेव्हा आधी हिशेब मांडतो. साध्या घरगुती डिजिटल कॅमेऱ्याचे वजन फार नसते. कॅननचा १५०० डी बॅटरीसह ४७५ ग्रॅम भरतो, त्याबरोबर येणारी १८-५५ ची लेन्स २०० ग्रॅमची. म्हणजे पाऊण किलोच्या आतच काम. हा कॅमेरा दोन तास गळ्यात राहिला तरी फारसे बिघडत नाही. पण लग्नाचे काम करणाऱ्याचा सरंजाम वेगळा. कॅननचा फाइव्ह डी मार्क फोर घेतला तर ८९० ग्रॅम, त्याला ७०-२०० ची मोठी लेन्स लावली तर आणखी १,४९० ग्रॅम, डोक्यावर फ्लॅश आणि त्याचे चार सेल मिळून साधारण अर्धा किलो. बेरीज जवळजवळ तीन किलो होते. तीन किलो म्हणजे नुकतेच जन्मलेले बाळ. ते बाळ कोणी सुतळीने मानेला बांधून बारा तास फिरेल का?

आता पट्ट्याचा हिशेब. मानेवर पट्टा साधारण १२ सेंटिमीटर लांबीत टेकतो असे धरू. पट्टा दीड सेंटिमीटर रुंद असेल तर वजन पेलणारी जागा झाली १८ चौरस सेंटिमीटर. तीन किलो त्यावर म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १६७ ग्रॅम. तोच पट्टा पाच सेंटिमीटर रुंद असता तर जागा झाली असती ६० चौरस सेंटिमीटर आणि दाब उरला असता ५० ग्रॅम. वजन तेवढेच, पण चावणे एक तृतीयांशाहून कमी. रुंद पट्टा बरा वाटतो त्याचे कारण एवढेच आहे.

पण रुंदीने सगळे भागत नाही. माणसाचे डोके साडेचार-पाच किलोचे असते. पाठीचा कणा ताठ असला की ते त्याच्या टोकावर तोलून राहते. पुढून मानेला वजन लटकले की डोके पुढे ओढले जाते, आणि मानेच्या मागच्या स्नायूंना ते दिवसभर मागे खेचून धरावे लागते. त्यात छायाचित्रकार सारखा खाली वाकून कॅमेऱ्याचा पडदा पाहतो, म्हणजे डोके आणखी पुढे. चालताना कॅमेरा उसळतो तेव्हा प्रत्येक पावलाला एक हिसका. संध्याकाळी मान आखडते, खांदे दगडासारखे होतात, डोके दुखते. मुले बाम चोळतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच पट्टा गळ्यात.

या पट्ट्याची आणखी एक गंमत सांगतो. त्यावर कंपनीचे नाव भल्या मोठ्या अक्षरांत विणलेले असते. म्हणजे आपण पदरचे पैसे मोजून कंपनीची पाटी गळ्यात घालून फिरायचे, आणि लोकलच्या गर्दीत चोराला दुरूनच कळवायचे की माल किती किमतीचा आहे. पट्टा उलटा लावला की अक्षरे आत जातात. हा उपाय फुकट आहे.

ओझे वाहण्याची विद्या कष्टकऱ्यांना कोणी शाळेत शिकवली नाही, पण ती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. मांडव्याच्या किनाऱ्यावरची कोळीण मासळीची पाटी डोक्यावर घेते ती थेट घेत नाही. आधी कापडाची चुंबळ ठेवते, मग पाटी. चुंबळीने दाब पसरतो, आणि ओझे मणक्याच्या सरळ रेषेत राहते. मान पुढे जात नाही, म्हणून ती ताठ चालते. एस.टी.चा कंडक्टर घ्या. चामड्याची पिशवी त्याने गळ्यात पुढे लटकवलेली कधी पाहिली आहे का? पट्टा एका खांद्यावरून तिरपा आणि पिशवी दुसऱ्या बाजूच्या कमरेवर. घाटात गाडी वळते तेव्हाही पिशवी अंगाला चिकटून असते आणि दोन्ही हात मोकळे. पोस्टमनचेही तेच. आम्हा कार्यकर्त्यांची शबनम म्हणाल तर तीही अशीच तिरपी घेतली तरच दिवसभर टिकते, एका खांद्यावर नुसती अडकवली की घसरत राहते आणि तो खांदा आपण नकळत वर उचलून धरतो. माथाडी कामगार पोते पाठीवर घेतो तेव्हा ते अंगाला भिडवून घेतो. आई मूल कडेवर घेते, म्हणजे त्याचा भार कमरेच्या हाडावर टाकते. या सगळ्यांत कोणीही ओझे पुढून मानेला लटकवत नाही. लटकवते ती फक्त कॅमेरा कंपनी.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे, की कॅमेरा कंडक्टरच्या पिशवीसारखा घ्यावा.

उजव्या हाताने काम करणाऱ्याने पट्टा डाव्या खांद्यावरून तिरपा घ्यावा आणि कॅमेरा उजव्या कमरेवर यावा. लांबी किती? सरळ उभे राहून उजवा हात सैल सोडला की कोपर किंचित वाकवून कॅमेऱ्याची मूठ हातात आली पाहिजे. साधारणपणे कॅमेरा कमरेच्या हाडाजवळ येतो. मांडीपर्यंत लोंबला तर चालताना गुडघ्यावर आपटेल आणि जिना चढताना पायरीवर. बरगडीवर आला तर कोपराला अडचण. लेन्सचे तोंड मागे किंवा खाली असावे. पुढे राहिले तर गर्दीत लोकांना टोचते आणि लेन्सचेच नुकसान होते.

यात एक अडचण आहे. खोक्यातून आलेला पट्टा तिरपा घेतला तर तो बहुतेकांना आखूड पडतो, आणि कॅमेरा डोळ्याला लावताना अख्खा पट्टा खांद्यावर घासत वर येतो. यासाठी बाजारात वेगळ्या प्रकारचा पट्टा मिळतो. त्यात खांद्यावरची गादी जागची हलत नाही, कॅमेऱ्याची कडी मात्र पट्ट्यावरून वर-खाली सरकते. कॅमेऱ्याच्या तळाला तिवई बसवण्याचे जे आट्यांचे भोक असते त्यात स्क्रू बसवून कॅमेरा उलटा लटकवलेला असतो. हाताने उचलला की कडी सरकते आणि कॅमेरा थेट डोळ्याशी. मोठ्या लेन्सला स्वतःचाच पाय असतो. तेव्हा तिथे लटकवावे, म्हणजे जड लेन्सचा भार कॅमेऱ्याच्या तोंडावर येत नाही.

या पट्ट्याचा एक दोष न लपवता सांगितला पाहिजे. चालण्याच्या हिसक्यांनी तो स्क्रू हळूहळू सैल होतो. दर तासाला, विशेषतः उतरताना-चढताना, बोटाने चाचपून पाहायची सवय हवी. शिवाय एक बारीक पण मजबूत दोरी कॅमेऱ्याच्या मूळच्या कडीपासून पट्ट्याला वेगळी बांधून ठेवावी. स्क्रू निसटला तर दोरी कॅमेरा धरील. साठ-सत्तर हजारांच्या वस्तूला पन्नास रुपयांचा हा विमा महाग नाही.

बाहेरच्या जगातही लोकांनी या गोष्टीवर डोके चालवले आहे. १९२५ साली जर्मनीचा लायका कॅमेरा बाजारात आला तेव्हा तो कोटाच्या खिशात मावण्याइतका लहान होता. कॅमेरे पुढे पुन्हा जड झाले. अमेरिकेत पीटर डेरिंग नावाच्या स्थापत्य अभियंत्याने प्रवासात कॅमेरा लटकवून कंटाळल्यावर पिशवीच्या पट्ट्यावर कॅमेरा घट्ट बसवणारा एक चाप तयार केला आणि २०११ साली लोकांकडून आगाऊ पैसे जमवून तो बाजारात आणला. पाठीवर दोन पट्ट्यांची पिशवी असेल तर तिच्या छातीजवळच्या पट्ट्यावर असा चाप लावता येतो. कॅमेरा झुलत नाही आणि मानेवर काही येत नाही. कनकेश्वरच्या डोंगराच्या पायऱ्या चढायच्या असतील तर आमच्या मते यासारखी सोय नाही. मात्र पाठीची पिशवी भरलेली हवी. रिकाम्या पिशवीच्या पट्ट्यावर कॅमेरा लावला की पट्टाच पुढे ओढला जातो.

हे सगळे विकत घ्यायलाच हवे असे नाही. आमच्या ओळखीच्या एका तरुणाने शाळेच्या जुन्या दप्तराचा नायलॉनचा पट्टा घेतला, खांद्यावर येणाऱ्या भागाखाली स्पंज घालून जाड कापड शिवून घेतले आणि पिशव्या दुरुस्त करणाऱ्याकडून टोके शिवून घेतली. पाच वर्षे झाली, अजून टिकून आहे. पलंगाची जुनी पण कुजलेली नसलेली नवारही चालते, ती रुंद असते आणि खांद्यावर घसरत नाही. पण करायचे तर नीट करावे. शिलाई एका रेघेत नको, चौकोन शिवून त्यात फुली मारून घ्यावी, दप्तराच्या पट्ट्याला असते तशी. नायलॉनचे कापलेले टोक मेणबत्तीवर धरून वितळवावे म्हणजे उसवत नाही. अडकवायला किल्ल्यांच्या जुडग्याचा आकडा घेऊ नये, तो वजनाला उघडतो. गिर्यारोहणाच्या दुकानात मळसूत्राने बंद होणारा आकडा मिळतो, तो घ्यावा. आणि कॅमेरा लावण्याआधी परीक्षा घ्यावी. पाण्याने भरलेला दहा लिटरचा कॅन पट्ट्याला रात्रभर टांगून ठेवावा, सकाळी दोन-चार हिसके द्यावेत. कॅनखाली गादी घालायला विसरू नये, नाहीतर गृहमंत्र्यांकडून वेगळा हिसका बसेल.

रबरासारखे ताणणारे पट्टेही मिळतात. दुकानात हातात घेतले की वजन निम्मे झाल्यासारखे वाटते. बसून काम करणाऱ्याला ते ठीक आहेत. चालणाऱ्याला आम्ही ते सुचवणार नाही, कारण कॅमेरा सबंध वेळ चेंडूसारखा नाचतो.

भगिनींसाठी थोडे वेगळे लिहिले पाहिजे, कारण पट्टे करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पुरुषाचीच छाती असते. आपल्या मुली आता लग्नाचे फोटो काढतात, ब्युटी पार्लरच्या जोडीने हा धंदा करतात. तिरपा पट्टा छातीवरून जाताना रुततो अशी त्यांची तक्रार असते. पट्टा अरुंद असेल तर तो मध्ये बसतो, रुंद असेल तर एका बाजूला दाबतो. म्हणून छातीवरचा भाग अरुंद आणि सपाट, खांद्यावरचा भाग रुंद, असा पट्टा घ्यावा किंवा शिवून घ्यावा. साडीत पदर डाव्या खांद्यावर असतो. त्यावरून पट्टा घेतला तर पदराची पिन ओढली जाते, आणि पदराखालून घेतला तर कॅमेरा वर येताना अडकतो. अशा वेळी पट्टा मोकळ्या उजव्या खांद्यावरून घ्यावा आणि कॅमेरा डाव्या कमरेवर ठेवावा. लेन्सखाली आधार तसाही डाव्या हाताचाच असतो. डाव्या हाताने उचलायचा आणि उजव्याने पकडायचा, दोन दिवसांत सवय होते. गळ्यातली पोत, माळ, ओळखपत्राची दोरी हे सगळे पट्ट्याच्या आत घ्यावे, नाहीतर कॅमेरा उचलताना तेही वर येते.

होमाई व्यारावाला या भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. १९१३ साली जन्मलेल्या या पारशी बाईंनी दिल्लीत साडी नेसून, सायकलवर सामान लादून, देशाच्या स्वातंत्र्याच्या काळातले फोटो काढले. त्यांच्याकडचा स्पीड ग्राफिक कॅमेरा अडीच-तीन किलोचा. त्या कॅमेऱ्याच्या कडेला हात घालायला चामड्याचा पट्टा असे, म्हणजे वजन डाव्या तळहातावर आणि मनगटावर येई, मान मोकळी राही. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि २०१२ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. हाताचा पट्टा आजही मिळतो. कॅमेऱ्याच्या मुठीवरून उजव्या हाताच्या पंजामागे तो बसतो. हलक्या कॅमेऱ्याला तो उत्तम. जड कॅमेऱ्याला तासाभराने मनगट भरून येते, तेव्हा सोबत खांद्याचा पट्टा असलेला बरा.

एकाच वेळी दोन कॅमेरे वापरणारे दुहेरी पट्टा घेतात. पाठीवर दोन्ही पट्टे जोडलेले आणि दोन्ही कमरांवर एकेक कॅमेरा. कावडीसारखा तोल साधतो. मे महिन्याच्या उकाड्यात पाठ मात्र भिजून जाते, आणि एक कॅमेरा काढून ठेवला की तोल जातो. अशांनी कमरेला रुंद पट्टा बांधून काही वजन त्यावर घ्यावे. सेल, जादा लेन्स, कार्डे खिशांत कोंबण्यापेक्षा कमरेच्या पिशवीत जावीत.

मांडव्याच्या परिसरात हिंडायचे तर जागेनुसार पट्टा आखूड-लांब करावा लागतो. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीच्या वेळी पायी गाठता येतो. पाण्यातून, शेवाळलेल्या खडकांवरून चालताना कॅमेरा कमरेवर नको. पट्टा आखूड करून तो काखेजवळ घ्यावा किंवा सरळ पिशवीत टाकावा. सासवण्याला मूर्तिकार विनायक पांडुरंग करमरकर यांचे शिल्पालय आहे. मांडवा-अलिबाग रस्त्यावरच आहे, मुलांना जरूर दाखवावे. तिथली सिमेंटची म्हैस पाहून लहान मुले तिला हात लावायला धावतात. अशा ठिकाणी वाकून पाहताना गळ्यातला कॅमेरा पुढे झुलून शिल्पावर आपटायला क्षण लागत नाही. कॅमेरा पाठीमागे सरकवून वर हात ठेवावा. तिरप्या पट्ट्यात हे एका हाताने जमते, गळ्यातल्या पट्ट्यात जमत नाही.

गर्दीची गोष्ट निराळी. २० मार्चला महाडला किंवा ६ डिसेंबरला दादरला पहाटेपासून रात्रीपर्यंत माणसांच्या लोंढ्यात उभे राहून फोटो काढणारे आपले छायाचित्रकार असतात. तिथे कॅमेरा कमरेच्या मागे गेला तर कोणाच्या पिशवीत अडकेल, कोणाच्या मुलाच्या कपाळाला लागेल. लोंढ्यात पट्टा तिरपाच ठेवावा, पण आखूड करावा आणि कॅमेरा छातीशी ओढून घ्यावा. लोकलमध्येही तसेच. मोटारसायकलवर मात्र कॅमेरा अंगावर घेऊच नये. लोंबता पट्टा चाकात किंवा कोणाच्या हँडलमध्ये अडकला तर कॅमेऱ्याचे सोडा, मानेचेच काय होईल याचा विचार करावा. आणि हौसेने लहान मुलाच्या गळ्यात कॅमेरा घालून त्याला झोपाळ्यावर किंवा घसरगुंडीवर सोडू नये. मुलाच्या गळ्यात पट्टा अडकण्याचा धोका असतो.

खाऱ्या हवेबद्दल दोन शब्द. समुद्रकाठी एक दिवस काढला की पट्ट्यात घाम आणि मीठ दोन्ही मुरते. चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशीसारखी खार येते आणि पुढे तो तडकतो. घरी आल्यावर कापडी पट्टा काढून गोड्या पाण्यात धुवावा आणि सावलीत वाळवावा, चामड्याचा ओल्या फडक्याने पुसून कोरडा करावा. कड्या पाहाव्यात. गंज धरलेली कडी कॅमेऱ्याच्या कानात सतत फिरून तो कान कातरत जाते. जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यांचे कान असे निम्मे झिजलेले आम्ही पाहिले आहेत. कॅमेऱ्याबरोबर पट्टा ओवताना टोक कडीतून घेऊन आधी फासातून, मग बकलातून न्यावे आणि शेवटचे टोक बकलाच्या आतल्या बाजूला, निदान दोन इंच शिल्लक ठेवून दाबावे. ते बाहेरच्या बाजूला लोंबत ठेवले की हळूहळू सरकते. बहुतेक कॅमेरे पडतात ते पट्टा तुटून पडत नाहीत, ओवणे चुकल्याने निसटून पडतात, असे एका जुन्या दुरुस्तीवाल्याने आम्हाला सांगितले होते.

पट्टा कितीही चांगला असला तरी ओझे ते ओझेच. अर्ध्या तासाने एकदा कॅमेरा टेबलावर ठेवावा आणि खांदे मागे फिरवावेत. दुपारच्या जेवणानंतर पट्ट्याचा खांदा बदलावा. लग्नघरचे लोक 'दादा, आणखी एकच फोटो' म्हणत राहतात, त्यांना दोन मिनिटे थांबा म्हणायला लाजू नये. मान नुसती आखडली तर विश्रांतीने उतरते. पण हाताच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या, दुखणे खांद्यातून हातात उतरू लागले, हातातली वस्तू सुटू लागली, तर ते शिरेवर दाब आल्याचे लक्षण असू शकते. तिथे मालीशवाल्याकडे जाऊन मान मोडून घेऊ नये. सरकारी रुग्णालयाच्या हाडांच्या विभागात दाखवावे. केसपेपर काढायला एक सकाळ जाते, पण हंगाम बुडत नाही.

डावखुऱ्या छायाचित्रकारांची अडचण मात्र वरच्या लेखात नीट आलेली नाही. कॅमेऱ्याची मूठ आणि बटण उजवीकडेच असल्याने त्यांनी पट्टा कोणत्या खांद्यावर घ्यावा, यावर आम्हाला दोघांनी दोन वेगळी उत्तरे दिली. कोणा डावखुऱ्या बंधूने किंवा भगिनीने यातून वाट काढली असेल तर त्यांनी पोस्टकार्ड टाकून कळवावे, पुढच्या अंकांत ते छापू.